शस्त्रक्रिया फुकट झाली, पण वर्षभराच्या अंधुक नजरेचे काय?

संग्रामपूर तालुक्याचे नाव वृत्तपत्रात येते ते खारपाणपट्ट्यातील खाऱ्या पाण्यामुळे आणि त्या पाण्याशी जोडल्या गेलेल्या किडनीच्या आजारामुळे. तो प्रश्न मोठा आहे, त्यावर लिहिलेच पाहिजे. परंतु याच तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्यापासून पूर्णेच्या काठापर्यंत पऱ्हाटी उपटणारा, तूर सोंगणारा, सोयाबीनच्या मळणी यंत्रात भार टाकणारा जो मजूर आहे, त्याच्या डोळ्यांबद्दल कोणी लिहीत नाही. काडी लागली, कुसळ गेले, भूस उडाले, डोळा लाल झाला. मालक म्हणतो पाण्याने धू. घरची म्हातारी कोणत्या तरी पाल्याचा रस पिळते. दुसऱ्या दिवशी तो मेडिकल स्टोअर्सवर जातो आणि दुकानदार जी बाटली देईल ती डोळ्यात टाकतो. त्या बाटलीत बऱ्याचदा स्टेरॉइड असते. झाडाच्या काडीने झालेल्या जखमेत बुरशी शिरलेली असेल, तर हेच स्टेरॉइड बुरशीला मोकळे रान करून देते. लाली एक-दोन दिवस कमी झाल्यासारखी वाटते आणि आत डोळा सडत जातो. महिना-दीड महिन्याने जखम भरते तेव्हा बुबुळावर पांढरे फूल पडलेले असते.

हा म्हातारपणाचा आजार नव्हे. २०१५ ते २०१९ या काळात देशभर अंधत्वाचे सर्वेक्षण झाले. पन्नाशीपुढच्या माणसांत मोतीबिंदू हे अंधत्वाचे पहिले कारण निघाले. पन्नाशीच्या आतल्यांत मात्र पहिला क्रमांक बुबुळाच्या पांढरेपणाचा होता, ३७.५ टक्के. म्हणजे जो कमावतो, ज्याच्या रोजीवर चूल पेटते, त्याची नजर जाते.

माझ्या मावसभावाचे असेच झाले. तो शेतमजूर आहे, भूमिहीन आहे. उजव्या डोळ्यात तुराटी लागली आणि वर सांगितलेला सगळा प्रवास त्याने क्रमाने केला. पुढे कोणी तरी सांगितले म्हणून शहरातल्या रुग्णालयात गेला, नाव नोंदवले, वाट पाहिली आणि गेल्या नोव्हेंबरात त्याला कॉर्निया मिळाला. शासकीय योजनेतून शस्त्रक्रिया झाली, पैसा लागला नाही. ही गोष्ट इथेच संपली असती तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते.

आपल्याकडे मोतीबिंदूच्या शिबिरांमुळे एक समज पक्का बसला आहे. आज ऑपरेशन, उद्या पट्टी निघाली, परवा लख्ख दिसले, आठ-पंधरा दिवसांत माणूस कामाला. कॉर्नियाचे तसे नाही. अख्खा डोळा कोणी बदलत नाही. बुबुळासमोरचा जो काचेसारखा पडदा असतो, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा, त्याचा मधला गोल कापून काढतात आणि मृत व्यक्तीने दिलेला तेवढाच गोल तिथे शिवतात. साधारण सोळा टाके, केसाहून बारीक धाग्याचे. या पडद्यात रक्तवाहिनी नसते. ती नसते म्हणूनच तो पारदर्शक असतो आणि रक्तगट न जुळवताही बसवता येतो. पण रक्त पोहोचत नाही म्हणून त्याची जखमही फार हळू भरते. टाके वर्षभर, कधी त्याहून जास्त काळ ठेवावे लागतात. नजर स्थिर व्हायला वर्ष-दीड वर्ष लागते.

या वर्ष-दीड वर्षात माणूस कसा जगतो हे पाहायला कोणीही येत नाही.

पहिले काही आठवडे त्याला धुक्याच्या काचेतून पाहिल्यासारखे दिसत होते. मग माणूस ओळखू येऊ लागला, पण एकाच्या बाजूला त्याचीच फिकट सावली. टाके सगळीकडून सारखे ओढत नाहीत. पडदा एका बाजूने ताणला जातो, गोलाई बिघडते आणि अक्षर लांबट, तिरपे, दुहेरी दिसते. डॉक्टर काही महिन्यांनी यंत्राने मोजमाप करून नेमका ओढणारा टाका काढतात. तो काढला की नजर बदलते, कधी सुधारते, कधी काही दिवस आधीपेक्षा वाईट वाटते. म्हणून घाईने चष्मा करून उपयोग नाही, आज केलेला नंबर दोन महिन्यांनी चालत नाही. काहींना शेवटी चष्म्यानेही भागत नाही, कडक कॉन्टॅक्ट लेन्स लागते. धुळीच्या वावरात राबणाऱ्याने ती कशी सांभाळायची हा वेगळाच प्रश्न.

त्याचा डावा डोळा चांगला आहे. लोक म्हणतात, एकाने तर दिसते ना? दोन डोळ्यांचे चित्र जुळत नाही तेव्हा एका चांगल्या डोळ्याचेही काम बिघडते. चहा ओतताना कपाच्या बाहेर पडतो. पायरी आहे त्यापेक्षा जवळ वाटते. विळा मुठीत धरला तरी धाटाचे अंतर कळत नाही. दुपारच्या उन्हात उजव्या डोळ्यात उजेड फुटतो म्हणून तो डोळा मिटूनच चालतो, आणि रात्री समोरून मोटारसायकल आली की दिव्याभोवती मोठे वलय दिसते, त्यात रस्ता हरवतो.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट अशी की बाहेरून डोळा छान दिसतो. फूल गेले, बुबुळ काळेभोर झाले. त्यामुळे शेजारी म्हणतात, ऑपरेशन तर झाले, आता कामचुकारपणा करतो. मुकादम म्हणतो, दिसत नसेल तर अर्धी रोजी घे. घरातही कुजबुज होते. न दिसणाऱ्या दुखण्याची ही शिक्षा फार जिव्हारी लागते. पहिल्या काही महिन्यांत तो चारचौघांत बसायचे टाळू लागला होता. हे औषधाच्या चिठ्ठीवर कुठेही लिहिलेले नसते.

चिठ्ठीवर जे लिहिलेले असते तेही पाळायला सोपे नाही. डोळा चोळायचा नाही. जड उचलायचे नाही. डोक्यावरून पाणी घ्यायचे नाही, नदी-विहिरीत उतरायचे नाही. धूर, धूळ टाळायची. (बाईला हे ऑपरेशन झाले तर चुलीचा धूर तिने कसा टाळायचा, हे चिठ्ठी सांगत नाही.) रात्री डोळ्यावर कवच लावून झोपायचे. सुरुवातीला दर एक-दोन तासांनी थेंब, मग महिन्या-महिन्याने कमी. हात साबणाने धुवायचे, बाटलीचे तोंड डोळ्याला लागू द्यायचे नाही, दोन औषधांमध्ये पाच-दहा मिनिटे जाऊ द्यायची, फोडलेली बाटली महिन्यानंतर टाकून द्यायची. वहिनी सकाळी निंदायला जाते तेव्हा दुपारचे थेंब सातवीतली मुलगी घालते. ती शाळेत असली की तो स्वतः अंदाजाने घालतो, अर्धे गालावर जातात.

हे थेंब कशासाठी? परक्याचा पडदा शरीराने झिडकारू नये म्हणून. ही झिडकार पहिल्या वर्षात जास्त संभवते, पण पुढे कित्येक वर्षांनीही येऊ शकते. डोळा लाल होणे, उजेड सहन न होणे, नजर एकाएकी उतरणे, दुखणे, या चारपैकी एक जरी गोष्ट दिसली तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. लवकर औषध वाढवले तर पुष्कळदा पडदा वाचतो. चार दिवस 'बघू, उतरेल' म्हणत काढले तर तो कायमचा पांढरा होतो. टाका सैल होऊन टोचू लागला तरी तेच, तो लगेच काढावा लागतो. शिवाय ज्या स्टेरॉइडने पडदा वाचतो, त्यानेच काहींच्या डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होतो, काहींना मोतीबिंदू होतो. काचबिंदू दुखत नाही, कळत नाही. दाब मोजत राहणे हाच उपाय. दुकानदाराने दिलेले स्टेरॉइड आणि तज्ज्ञाच्या नजरेखालचे स्टेरॉइड यांत फरक आहे तो एवढाच, पण त्या फरकावर डोळा अवलंबून असतो.

जगातली पहिली यशस्वी कॉर्निया शस्त्रक्रिया कोणा राजाची किंवा सावकाराची झाली नाही. ७ डिसेंबर १९०५ रोजी आजच्या झेक प्रजासत्ताकातील ओलोमोत्स या गावी डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी ज्याचा डोळा शिवला तो अलोइस ग्लोगर नावाचा शेतावर राबणारा मजूर होता. चुन्याने त्याचे दोन्ही डोळे भाजले होते. एका अकरा वर्षांच्या मुलाचा डोळा अपघातामुळे काढावा लागला, त्याचा कॉर्निया ग्लोगरच्या दोन्ही डोळ्यांना वापरला. एका डोळ्यातला टिकला नाही, दुसऱ्यातला टिकला आणि ग्लोगर परत शेतावर जाऊ लागला. चुना आपल्याही घरात आहे. तंबाखूच्या चुन्याची पुडी लहान मुले दाबतात, ती फुटून थेट डोळ्यात उडते. चुन्याने भाजलेल्या डोळ्यात पडदा टिकवणे आजही अवघड जाते. तेव्हा पुडी मुलांच्या हाती लागू देऊ नका. आणि कोणाच्या डोळ्यात चुना गेलाच तर आधी स्वच्छ पाण्याची धार किमान अर्धा तास धरा, दवाखान्याचा रस्ता त्यानंतर.

ग्लोगरच्या शस्त्रक्रियेला शतक उलटले. तंत्र पुष्कळ पुढे गेले, मजुराचा हिशेब तिथेच आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून राजीव गांधी जीवनदायी आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने विनामूल्य उपचार मिळतात. ही योजना नसती तर माझ्या भावाचा डोळा पांढराच राहिला असता, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु तिच्या पॅकेजची रचना पाहा. दाखल होण्यापासून डिस्चार्जनंतरच्या दहा दिवसांपर्यंतचा खर्च त्यात धरतात. गाठ उतरवून टाकली, हाड बसवले, अशा आजारांना हे दहा दिवस कदाचित पुरतील. ज्या डोळ्याचे टाके वर्षाने निघायचे, त्याला दहा दिवसांनी काय होते? अकराव्या दिवसापासून थेंबांची बाटली, संग्रामपूरहून शेगाव, शेगावहून रेल्वे, सोबतीला एक माणूस, दोघांचीही बुडालेली रोजी, हे सगळे मजुराच्या माथी. बाई असेल तर २०२३ पासून एसटीचे तिकीट तेवढे अर्धे.

मग अपंगत्वाचा दाखला तरी? तिथेही दार बंद. केंद्र शासनाच्या मोजमापात एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा धडधाकट असला तर अपंगत्व ३० टक्के धरतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने बहुतेक सवलतींची रेषा आखली आहे ४० टक्क्यांवर. कचेरीत बसून काम करणाऱ्याचा एक डोळा गेला आणि विळ्या-कोयत्याने पोट भरणाऱ्याचा एक डोळा गेला, दोघांना तेच ३० टक्के. माणसाला कोणते काम करून जगावे लागते, हे या तक्त्यात कुठेच येत नाही. ज्यांनी हा तक्ता केला ते नेत्रतज्ज्ञ असतील, पण त्यांनी पऱ्हाटी उपटलेली नसावी.

परिणाम काय होतो? चौथ्या-पाचव्या महिन्यात माणूस तपासणीला जाणे सोडतो. त्याला समजत नाही म्हणून नव्हे, परवडत नाही म्हणून. हंगाम आला की तो पोते उचलतो. शिवलेली जखम मूळच्या डोळ्याइतकी बळकट कधीच होत नाही. बैलाचे शिंग, फांदी, नुसता हाताचा कोपर लागला तरी ती वर्षांनंतरही उकलू शकते. आणि पडदा गेला की दुसरा पडदा हवा, म्हणजे दुसऱ्या कोणाचे तरी मरण आणि त्या दुःखात त्याच्या घरच्यांनी दिलेला होकार.

तो होकार आपल्या गावातून किती मिळतो? मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. चष्मा असला, मधुमेह असला, मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले असले तरी चालते. पण 'डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळा होतो' हे अजून सांगितले जाते. ज्यांनी १९५६ ला तो पुनर्जन्माचा बाजार सोडला, त्यांच्या घरांतही एखाद्या वेळी ऐकू येते, हे लिहायला संकोच वाटतो. शेजारच्या श्रीलंकेत डॉ. हडसन सिल्व्हा यांनी १९६१ मध्ये नेत्रदान संस्था स्थापली. शिबी राजाने डोळे दिल्याची जातककथा तिथल्या घराघरांत ठाऊक आहे. त्या छोट्या बौद्ध देशाने स्वतःची गरज भागवून परदेशांना कॉर्निया पाठवले. आपल्याकडे २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा असतो. त्या पंधरवड्यात विहारात फॉर्म भरून घेणे चांगलेच, पण मरण घडते त्या रात्री फोन कोणी करायचा, हे प्रत्येक गावात एका कार्यकर्त्याच्या नावानिशी ठरलेले हवे.

शासनाकडे मागायचे ते फार मोठे नाही. कॉर्नियाच्या पॅकेजची मुदत दहा दिवसांची न ठेवता शेवटचा टाका निघेपर्यंत करा. थेंब तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातून द्या. तिथल्या नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याला स्लिट लॅम्प आणि दाब मोजण्याचे साधन द्या, म्हणजे लाल झालेला डोळा पाहून 'आजच निघा' एवढे तरी तो सांगू शकेल. आणि टाके असेपर्यंतच्या काळासाठी, मजुराचे काम लक्षात घेऊन, तात्पुरता दाखला आणि निर्वाह भत्ता द्या. यातला पहिला मुद्दा आरोग्य खात्याचा, शेवटचा सामाजिक न्याय आणि दिव्यांग कल्याण खात्यांचा. निवेदन देणाऱ्यांनी तो एकाच कागदावर लिहून एकाच टेबलावर ठेवू नये, नाहीतर दोन्ही खाती एकमेकांकडे बोट दाखवतील.

भावाचे आठ टाके निघाले, आठ राहिले आहेत. पुढची तारीख ऑक्टोबरात आहे. सोयाबीनची काढणी नेमकी त्याच आठवड्यात येते, आणि मालकाने त्याला विचारून ठेवले आहे.