विश्लेषण : शरीराचा ‘अलार्म’च बंद पाडणारा विषाणू आणि धाराशिवच्या १ लाख ३१ हजार महिलांची तपासणी

एका जिल्ह्यातल्या १ लाख ३१ हजार ७४६ महिला. त्यांतल्या एका गटाची आयुष्यात एकदाच झालेली एक तपासणी. आठ वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा, तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने झालेले मृत्यू जवळपास निम्मे होते.

हा जिल्हा म्हणजे आपला धाराशिव. मात्र जगभरच्या वैद्यकीय लेखांत तो ‘उस्मानाबाद’ याच नावाने सापडतो, कारण शोधनिबंध प्रसिद्ध झाला २ एप्रिल २००९ रोजी, ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये. ही तपासणी इतकी प्रभावी का ठरली, याचे उत्तर रोगप्रतिकारशास्त्रात आहे. पेशी एकमेकींना निरोप कसे पाठवतात आणि एक विषाणू ते निरोप कसे अडवतो, हे समजले की तपासणी तिशीनंतरच का आणि एकदा निगेटिव्ह आल्यावर अनेक वर्षे निर्धास्त का राहता येते, हे दोन्ही प्रश्न सुटतात.

सायटोकाइन म्हणजे काय?

करोनाकाळात ‘सायटोकाइन स्टॉर्म’ हा शब्द घराघरांत पोहोचला, त्यामुळे अनेकांना सायटोकाइन म्हणजे काहीतरी घातक वाटते. प्रत्यक्षात सायटोकाइन ही छोटी प्रथिने आहेत, पेशींनी एकमेकींना पाठवलेले निरोप. कोणता निरोप कुणाला आणि किती जोरात जातो, यावर शरीराची सगळी लढाई चालते. निरोप अति झाला तर वादळ, आणि गेलाच नाही तर शत्रू घरात मुक्कामाला.

यातला सर्वांत जुना ओळखीचा गट म्हणजे इंटरफेरॉन. अ‍ॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी १९५७ मध्ये त्याचा शोध लावला. रात्री रानडुकरे शिरली की राखणीला बसलेला माणूस आरोळी ठोकतो आणि शेजारच्या शेतातला जागा होतो, तसेच काहीसे. विषाणू शिरलेली पेशी इंटरफेरॉन सोडते. शेजारच्या पेशींच्या पृष्ठभागावरचे ग्राहक तो पकडतात. आत ‘जॅक’ आणि ‘स्टॅट’ नावाच्या प्रथिनांची साखळी हलते, निरोप थेट केंद्रकापर्यंत पोहोचतो आणि विषाणूविरोधी जनुके सुरू होतात. इंजिनिअरिंगच्या भाषेत सेन्सर, वायर आणि स्विच.

एचपीव्ही नेमके काय करतो?

गर्भाशयमुखाच्या, म्हणजे बोलीभाषेत ‘पिशवीच्या तोंडाच्या’ कर्करोगामागे जवळपास नेहमीच ह्युमन पॅपिलोमा व्हायरस असतो. हॅराल्ड त्सूर हाउझेन यांनी १९८३ मध्ये या विषाणूचा १६ क्रमांकाचा प्रकार या कर्करोगाच्या गाठीत दाखवला. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. १६ आणि १८ हे दोन प्रकार मिळून सुमारे ७० टक्के रुग्णांना कारणीभूत असतात.

हा विषाणू बारीकशा जखमेतून अस्तराच्या सर्वांत खालच्या थरातील पेशींत शिरतो. तो रक्तात उतरत नाही. पेशी फोडून बाहेर पडत नाही, त्यामुळे सूज नाही, ताप नाही, दुखणे नाही. वरच्या थरातल्या पेशी एरवीही झडतच असतात. त्यांच्यासोबत तो गुपचूप बाहेर जातो.

त्याच्याकडे दोन हत्यारे आहेत, ई६ आणि ई७ ही प्रथिने. प्रयोगशाळेतल्या अभ्यासांत दिसले आहे की ई६ हे इंटरफेरॉनचे उत्पादन सुरू करणाऱ्या ‘आयआरएफ-३’ या प्रथिनाला पकडते, म्हणजे आरोळी घशातच अडते. ई७ हे निरोप केंद्रकापर्यंत नेणाऱ्या गटातल्या ‘आयआरएफ-९’ला धरून ठेवते, म्हणजे आरोळी ऐकू आली तरी स्विच दाबला जात नाही. सेन्सरही निकामी आणि वायरही कापलेली.

याच दोन प्रथिनांचा दुसरा उद्योग अधिक घातक आहे. ई६ हे ‘पी५३’ला नष्ट करते आणि ई७ हे ‘आरबी’ला निष्प्रभ करते. ही दोन्ही आपल्या पेशींची ब्रेक यंत्रणा. अलार्म बंद, ब्रेक निकामी, आणि अशी पेशी वर्षानुवर्षे विभागत राहते. संसर्गापासून कर्करोगापर्यंतचा प्रवास साधारण १५ ते २० वर्षांचा असतो.

मग प्रत्येकीला कर्करोग का होत नाही?

कारण बहुतेक वेळा शरीर जिंकते, आणि लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी एचपीव्हीचा संसर्ग होतो. उशिरा का होईना, निरोप पोहोचतो. टी पेशी जागेवर येतात, इंटरफेरॉन-गॅमा सोडतात आणि एक-दोन वर्षांत बहुतेक संसर्ग आपोआप नाहीसे होतात. बाईला पत्ताही लागत नाही.

जो थोडा संसर्ग मागे राहतो, धोका त्याचा. एचआयव्हीसह जगणाऱ्या महिलांमध्ये या कर्करोगाचा धोका सुमारे सहापट असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. निरोप घेऊन धावणाऱ्या टी पेशीच कमी झाल्या की काय होते, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा नाही. (व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या ‘प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या’ काढ्यांनी एचपीव्ही जातो, याला मात्र पुरावा नाही.)

आता तपासणीकडे येऊ. विशीत एचपीव्ही चाचणी पॉझिटिव्ह आली तर तो बहुधा येऊन जाणारा पाहुणा असतो. तिशीनंतर पॉझिटिव्ह आली, तर ठाण मांडून बसलेल्या संसर्गाची शक्यता वाढते, म्हणजे त्या जागी अलार्म वाजलेलाच नसू शकतो. आणि निगेटिव्ह आली तर पुढची अनेक वर्षे कर्करोगाची शक्यता अत्यल्प, कारण ज्याला पंधरा वर्षे लागतात ते अजून सुरूच झालेले नाही.

धाराशिवमध्ये काय झाले?

बार्शी हे गाव सोलापूर जिल्ह्यात, पण धाराशिवच्या वेशीवर. तिथल्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली. बार्शीसोबत आपल्याकडचे परंडा आणि भूम हे तालुकेही तिच्यात आहेत. नोंदणी ही रुक्ष गोष्ट वाटते, पण ती नसती तर पुढचे काहीच घडले नसते.

मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचे रुग्णालय आणि फ्रान्समधील ‘आयएआरसी’ ही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ मध्ये जिल्ह्यात चाचणी सुरू केली. ३० ते ५९ वयोगटातील निरोगी महिला, ५२ समूह, चार गट. एका गटाची एचपीव्ही तपासणी, दुसऱ्याची पेशींची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी, तिसऱ्यात गर्भाशयमुखावर सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी, म्हणजे ‘व्हीआयए’. चौथ्या गटात तपासणी नाही, नेहमीची आरोग्यसेवा.

आकडे जपून वाचा. एचपीव्ही गटात ३४ हजार १२६ महिला होत्या, त्यांत कर्करोग १२७ जणींत आढळला. तपासणी नसलेल्या गटात ३१ हजार ४८८ पैकी ११८ जणींत. म्हणजे संख्येत मोठा फरक नाही. पण दुसऱ्या किंवा त्यापुढच्या टप्प्यात सापडलेले रुग्ण अनुक्रमे ३९ आणि ८२. मृत्यू ३४ आणि ६४. पेशी तपासणी आणि व्हीआयए या दोन्ही गटांत मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही.

पेशी तपासणीत बिघडलेला आकार शोधतात. तो दिसायला नमुना नीट घ्यावा लागतो, बघणारी नजर तयार लागते. एचपीव्ही चाचणी मात्र बिघाड करणाऱ्यालाच शोधते. निगेटिव्ह निष्कर्ष आलेल्या महिलांची तुलना केली तेव्हा, इतर दोन पद्धतींनी निगेटिव्ह ठरलेल्यांत पुढे कर्करोग होण्याचे प्रमाण एचपीव्ही निगेटिव्ह महिलांच्या चौपटीहून अधिक निघाले.

चौथ्या गटातल्या ६४ मृत्यूंवर पुढे जगभर वाद झाला. तपासणीचा फायदा ठाऊक असताना एका गटाला ती न देणे नैतिक होते का, असा आक्षेप परदेशी आणि भारतीय अभ्यासकांनी घेतला. त्या काळी ग्रामीण भारतात तपासणीच उपलब्ध नव्हती, म्हणून नेहमीची सेवा हीच तुलना, असे संशोधकांचे म्हणणे. माझ्या मते हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही.

पुरावा इथला, वापर कुठे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही डीएनए चाचणी ही पहिली पसंती म्हणून सुचवली. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मात्र ३० ते ६५ वयोगटासाठी दर पाच वर्षांनी व्हीआयए आहे. ती स्वस्त, निष्कर्ष लगेच. आणि ती निरुपयोगी आहे असेही नाही. मुंबईतल्या झोपडपट्ट्यांत आणि तमिळनाडूतील दिंडीगुलमध्ये झालेल्या मोठ्या चाचण्यांत व्हीआयएने मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. तपासणीच न होणे ही खरी अडचण. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या दोन टक्क्यांहून कमी भारतीय महिलांनी ही तपासणी कधी केली होती. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आणि ८० हजारांच्या आसपास मृत्यू होतात.

तपासणी नाही तिथे भीती असते. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढल्याचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले. अंगावरून पांढरे जाते, आता कॅन्सर होईल, असे सांगून शस्त्रक्रिया झाल्याच्या तक्रारी त्यात होत्या. म्हणून स्पष्ट सांगायला हवे की एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नव्हे. धाराशिवच्या चाचणीत सुमारे १० टक्के महिला पॉझिटिव्ह होत्या. त्यांतल्या बहुतेकींना कर्करोग नव्हता. पुढची पायरी दुर्बिणीतून पाहणी, आणि गरज असेल तर तेवढाच भाग गोठवून नष्ट करणे. पिशवी काढणे नव्हे. संसर्ग कधी आणि कुणाकडून आला, हेही चाचणीतून कळत नाही. तो वीस वर्षे जुना असू शकतो. त्यामुळे बायकोच्या अहवालावरून घरात चौकशी मांडण्याला काही अर्थ नाही.

गाठ झाल्यावर सायटोकाइनचे काय होते?

तोवर खेळ उलटलेला असतो. गाठ स्वतःच आयएल-१० आणि टीजीएफ-बीटासारखे ‘शांत राहा’ सांगणारे निरोप सोडते. आयएल-६ तिच्या वाढीला खतपाणी घालते. टी पेशींनी सोडलेल्या इंटरफेरॉन-गॅमाला उत्तर म्हणून गाठीच्या पेशी पीडी-एल१ नावाची ढाल वर काढतात आणि टी पेशी थंडावते. ही ढाल निरुपयोगी करणारे पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध आता या कर्करोगात वापरले जाते. खर्च मात्र सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा.

लशीचा मार्ग वेगळा. खऱ्या संसर्गात अलार्म दबलेला असतो, लशीत तो मुद्दाम मोठ्याने वाजवला जातो. विषाणूचे नुसते रिकामे कवच दंडाच्या स्नायूत टोचतात, तिथे ई६-ई७ नसतात, आणि नैसर्गिक संसर्गापेक्षा कितीतरी जास्त प्रतिपिंडे तयार होतात. यातही बार्शीचा वाटा आहे. २००९ मध्ये सुरू झालेल्या लसीकरणाच्या भारतीय अभ्यासातले ते एक केंद्र. दुसऱ्याच एका प्रकल्पावरील वादामुळे सरकारने एप्रिल २०१० मध्ये देशभरचे असे लसीकरण थांबवले आणि सुमारे पाच हजार मुलींना एकच मात्रा मिळून राहिली. त्यांचा दहा वर्षे पाठपुरावा झाला, तेव्हा १६ आणि १८ प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गाविरुद्ध एका मात्रेची परिणामकारकता ९५ टक्के निघाली. एका मात्रेला जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये पर्याय म्हणून मान्यता दिली, त्यामागच्या पुराव्यांत हाही होता.

लस संसर्गाआधी, म्हणजे ९ ते १४ वयात सर्वाधिक उपयोगी. आधीच ठाण मांडलेला विषाणू ती हटवत नाही, आणि सगळेच प्रकार तिच्यात येत नाहीत. त्यामुळे लस घेतलेल्या मुलीलाही तिशीनंतर तपासणी करावीच लागते. गावात शिबिर आले तर तपासणी व्हीआयए आहे की एचपीव्ही, हे विचारून घ्या. व्हीआयए निगेटिव्ह आली असेल तर पाच वर्षांनी पुन्हा यायचे आहे. मधल्या काळात संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त गेले, तर शिबिराची वाट न पाहता दवाखाना गाठायचा आहे.