तापल्या तव्यास कोणतें तेल?

पाश्चात्य देशांत 'स्टेक' म्हणजे मांसाचा जाड काप अतिशय तापलेल्या लोखंडी तव्यावर दोन्ही अंगांनीं भाजून खाण्याची चाल आहे. या कामीं तेल कोणतें घ्यावें, हा प्रश्न क्षुल्लक दिसतो. परंतु त्याचा विचार प्रत्येक स्वयंपाकघरास उपयोगी पडेल असें आम्हांस वाटतें.

प्रखर आंचेनें मांसाचीं छिद्रें मिटून रस आंत कोंडला जातो, असें जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनीं १८४७ सालीं प्रतिपादिलें. पुढें प्रयोगांतीं तें खोटें ठरलें. खमंगपणाचें खरें कारण निराळें आहे. प्रथिनांचे घटक व शर्करा यांचा उष्णतेनें संयोग होऊन तांबूस रंग व सुवास येतो, हें फ्रेंच शास्त्रज्ञ मायार यांनीं १९१२ सालीं दाखविलें. ही क्रिया सुमारें १४० अंश सेंटिग्रेडच्या वर वेग घेते. पाणी मात्र १०० अंशांवरच उकळतें. म्हणून मांस आधीं फडक्यानें कोरडें टिपावें व तवा २०० अंशांच्या आसपास तापवावा लागतो.

आतां प्रत्येक तेलाच्या सहनशीलतेस मर्यादा असते. ती ओलांडली कीं तेल विघटित होऊन धूर निघतो व त्यांतील अॅक्रोलीन नांवाचें द्रव्य डोळ्यांस झोंबतें. लोणी सुमारें १५० अंशांवरच करपतें, कारण त्यांत दुधाचा अंश असतो. तेंच कढवून, गाळून तूप केलें म्हणजे सुमारें २५० अंश सोसतें. आमच्या आज्या-पणज्यांस हें गणित ठाऊक नसेल, पण कृति ठाऊक होती. घाण्याचें शेंगदाण्याचें तेल सुमारें १६० अंशांवर धुरावतें; शुद्ध केलेलें, म्हणजे रिफाइंड, २३० अंशांपर्यंत टिकतें. यास्तव स्टेकसाठीं तूप किंवा रिफाइंड तेल घ्यावें; घाण्याच्या तेलाचा सुवास मंद आंचेच्या भाजीस राखून ठेवावा.

धूर हा तेलानें दिलेला इशारा होय. तो दिसतांच आंच कमी करावी. तेल पेटलेंच तर त्यावर पाणी कदापि ओतूं नये. तें तळाशीं जाऊन क्षणांत वाफ होतें व जळतें तेल चहूंकडे उडवितें. आंच बंद करून भांड्यावर घट्ट झांकण ठेवावें, आणि तें निवेपर्यंत उघडूं नये. एवढें आपण लक्षांत ठेविलें व घरीं आईस सांगितलें, तरी आमचे श्रम सार्थकीं लागले असें आम्ही समजूं.