टाकी रिकामी, नळी भरलेली

मंडळी, आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांत भेटणारे निम्मे लोक हल्ली मला एकच प्रश्न विचारतात, "ट्रेलर घ्यावा का हो?" तळी, जंगले, शेकोट्या यांचे साग्रसंगीत वर्णन ऐकून झाले, की तेच लोक आवाज खाली आणून दुसरा प्रश्न विचारतात, "पण ते... संडासाचं काय करता?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्या त्याच्या हौसेवर आणि बँकेतल्या शिलकीवर अवलंबून आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र खुलासेवार द्यायला हवे, कारण त्या बाबतीत मी सपशेल आपटलेलो आहे.

२०१८ सालच्या उन्हाळ्यात आई-बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे मिशिगनला आले होते. आम्ही नुकताच २६ फुटी जुना ट्रेलर घेतला होता. पहिल्या सहलीनंतर मी टाक्या रिकाम्या केल्या, व्हॉल्व्ह बंद केले, टोपण घट्ट लावले आणि तीन आठवडे निश्चिंत राहिलो. दुसऱ्या सहलीच्या शेवटी डंप स्टेशनवर, मागे चार गाड्यांची रांग असताना, उकिडवा बसून ते टोपण फिरवले. व्हॉल्व्ह बंद होते. तरीही पाचेक लिटर काळपट पाणी भसकन् माझ्या बुटांवर आले. माझी पीएच.डी. नळीतून वाहणाऱ्या द्रवांवर आहे. पोट सॉफ्टवेअरवर भरत असलो म्हणून काय झाले! मागच्या गाडीतल्या सद्गृहस्थाने सभ्यपणे नजर आकाशाकडे वळवली. बाबांनी काही न बोलता बादली आणून दिली.

खरी अडचण पुढेच होती. आईने ट्रेलरमधला संडास वापरायचेच बंद केले. "तू एवढा शिकलास, आणि आमचं हे तुझ्या अंगावर?" एवढेच ती म्हणाली. पुढच्या सहलीत गुडघे दुखत असतानाही ती रात्री दोनला टॉर्च घेऊन कॅम्पच्या सार्वजनिक स्वच्छतागृहाकडे निघालेली मला दिसली. तेव्हा ठरवले, की हे प्रकरण मुळापासून समजून घ्यायचे.

आधी रचना पाहू. ट्रेलरखाली सांडपाण्याच्या दोन प्रकारच्या टाक्या असतात. संडासाची ती काळी टाकी, आणि सिंक, शॉवर यांची ती करडी. आमच्याकडे दोन्ही साधारण ३० गॅलनच्या, म्हणजे ११३ लिटरच्या आहेत. भरलेल्या एका टाकीतल्या पाण्याचेच वजन २५० पौंड होते. प्रत्येक टाकीच्या तोंडाशी सरकत्या पात्याचा एक व्हॉल्व्ह असतो. दोन्ही व्हॉल्व्हच्या पुढे नळ्या एकत्र येतात आणि ३ इंची एकच नळी ट्रेलरच्या कडेपर्यंत जाते. तिच्या तोंडाला टोपण. डंप स्टेशनवर टोपण काढून तिथे लवचीक होज जोडायचा.

आता व्हॉल्व्हपासून टोपणापर्यंतची नळी डोळ्यांसमोर आणा. ही जागा टाकीतही नाही आणि गटारातही नाही. ३ इंची नळीच्या एका फुटात सुमारे १.४ लिटर पाणी मावते. आमची ही मधली नळी चार फुटांची आहे, म्हणजे साडेपाच लिटर. माझ्या बुटांवर आलेला हिशेब असा तंतोतंत जुळला. आत भिंतीवरचे दिवे 'टाकी रिकामी' दाखवतात ते टाकीपुरतेच. या नळीची त्यांना खबरच नसते. शिवाय ते सेन्सर टाकीच्या भिंतीत बसवलेले असल्याने त्यांच्यावर कागदाचा लगदा चिकटला, की टाकी रिकामी असतानाही 'भरली' असे सांगतात. स्क्रीनवर दिसते ते खरे मानायची सवय माझ्या धंद्यातली. इथे ती नडली.

या नळीत पाणी राहते कसे? बाबा नगरपालिकेच्या ड्रेनेज खात्यात ओव्हरसियर होते. त्यांनी ट्रेलरखाली चटई टाकून, आडवे होऊन सगळे बघितले आणि म्हणाले, "दोनच कारणं. एक तर ढाळ नाही, नाहीतर पातं गळतंय. दोन्ही वेगवेगळी तपास."

ढाळाचे गणित सोपे आहे. सांडपाण्याच्या अशा नळीला फुटामागे पाव इंच उतार देण्याची रीत आहे. ट्रेलरची रुंदी ८ फूट. नळी ज्या बाजूला बाहेर येते ती बाजू दुसरीपेक्षा २ इंच उंच राहिली, तर उलटा उतार फुटामागे बरोबर पाव इंच झाला. म्हणजे कारखान्याने दिलेला सगळा ढाळ शून्यावर आला. २ इंच म्हणजे एका चाकाखालची एक फळी! अशा वेळी टाकीच्या सपाट तळावरचे आणि नळीतले पाणी निवांत पडून राहते. उपाय अर्थातच सोपा. रिकामे करण्यापूर्वी पाणसळ लावून बघावे आणि नळीची बाजू किंचित खाली राहील अशी गाडी उभी करावी.

गळतीचे कारण वेगळे. पात्याच्या दोन्ही बाजूंना रबरी सील असतात. पाते ज्या खाचेत बसते तिथे भाताचे शीत किंवा कागदाचा बोळा अडकला, की ते केसभर उघडे राहते. रबर जुने होऊन कडक झाले तरी तेच. मग थेंब थेंब करत तीन आठवड्यांत नळी भरते.

दोन्ही कारणे वेगळी ओळखायची कशी? टोपणाला बागेच्या होजच्या मापाचे एक छोटे तोंड असते. टाक्या रिकाम्या करून टोपण लावल्यावर लगेच खाली बादली धरून ते छोटे तोंड उघडायचे. त्या क्षणी पाणी आले तर दोष ढाळाचा. ते काढून टाकल्यावर एका टाकीत स्वच्छ पाणी भरून रात्रभर वाट बघायची. सकाळी पुन्हा पाणी आले तर त्या टाकीचा व्हॉल्व्ह गळतो. मग दुसरी टाकी तशीच तपासायची. आमच्याकडे लगेच अर्धा लिटर आले, आणि करड्या टाकीच्या परीक्षेत सकाळी आणखी दोन लिटर. काळी टाकी निर्दोष सुटली.

व्हॉल्व्ह उघडणे वाटते तेवढे अवघड नाही. टाकी रिकामी करून, खळखळून धुऊन घ्यायची. चार बोल्ट काढले, की व्हॉल्व्ह दोन नळ्यांच्या मधून बाहेर सरकतो. दोन नवे सील बसवून पुन्हा आवळायचा. नळ्या ताणून जागा करावी लागते, तिथे मदतीला दुसरा हात हवा. तो बाबांचा होता. तासाभरात काम झाले आणि दुसऱ्या दिवशी बादली कोरडी निघाली. त्यापूर्वी एक साधा प्रयोग करून बघण्यासारखा असतो. टाकीत पाणी भरून व्हॉल्व्ह चारपाच वेळा पुढेमागे करावा. अडकलेला कण कधीकधी त्यानेच निघून जातो. अर्थात हा प्रयोग होज जोडून डंप स्टेशनवरच करावा.

नळीच्या तोंडाला फिरवून बसवायचा तिसरा व्हॉल्व्हही बाजारात मिळतो. तो आम्ही बसवला आहे. आधी होज जोडायचा, मग हा उघडायचा, म्हणजे नळीत काही साठले असले तरी ते थेट गटारात जाते. पण लक्षात ठेवा, तो गळती थांबवत नाही, फक्त झाकतो. त्याच्या भरवशावर आतला व्हॉल्व्ह दुरुस्त करायचे टाळू नये.

आता रिकामे करण्याचा क्रम. हातमोजे घालावेत. होजचे एक टोक गटाराच्या तोंडात घट्ट बसवावे, मग दुसरे ट्रेलरला जोडावे. आधी काळी टाकी उघडावी आणि तिचे वाहणे थांबल्यावर करडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने होज आपोआप धुतला जातो. सगळे व्हॉल्व्ह बंद करावेत. होज सुटताना आधी ट्रेलरचे टोक सोडावे, ते उचलून हातहात पुढे सरकत गटाराकडे चालत जावे. वळ्यांत राहिलेले पाणी पुढे ढकलले जाते. १० फुटी होजमध्ये १४ लिटर मावतात, तेव्हा हे चालणे वाया जात नाही. गटारातले टोक सर्वांत शेवटी काढावे. धुण्याचा होज वेगळा ठेवावा; पिण्याच्या पाण्याचा होज डंप स्टेशनच्या नळाला कदापि लावू नये. बादलीत निघालेले पाणीही गटारातच ओतावे, गवतावर नाही.

काळ्या टाकीचा व्हॉल्व्ह कायम उघडा ठेवण्याची चूक बरेच नवशिके करतात. कॅम्पच्या जागेवर गटाराची जोडणी असली, की त्यांना वाटते, वाहू दे सारखे. पाणी वाहून जाते, बाकीचे मागे राहून त्याचा ढीग बनतो आणि वाळतो. टाकी दोन तृतीयांश भरेपर्यंत व्हॉल्व्ह बंद ठेवावा आणि मग एकदम उघडावा. पाण्याच्या लोंढ्याबरोबर सगळे जाते. रिकामी झाल्यावर दोनतीन गॅलन स्वच्छ पाणी टाकीत घालून ठेवावे. इथे आपली एक सवय कामाला येते. कागदाऐवजी पाणी वापरणाऱ्या आपल्या मंडळींची टाकी लवकर भरते खरी, पण तुंबत मात्र कमी!

आपली दुसरी सवय मात्र घात करते. करड्या टाकीत फोडणीचे तेल, तूप, आमटीचा गाळ जातो. नळीत राहिलेले हे पाणी उन्हात दोन दिवसांत असे काही आंबते, की काळी टाकी परवडली. ताटे धुण्यापूर्वी कागदाने पुसावीत आणि सिंकच्या तोंडावर बारीक जाळी ठेवावी. वास ट्रेलरच्या आत येत असेल तर सिंकखालचा ट्रॅप सुकला आहे का ते बघून त्यात पेलाभर पाणी ओतावे. छतावरचा पंखा चालू असताना फ्लश करू नये. पंखा काळ्या टाकीतली हवा वर ओढून घेतो. आणि वासावर उपाय म्हणून काळ्या टाकीत ब्लीच ओतू नये. लघवीतल्या अमोनियाशी त्याचा संयोग होऊन विषारी वायू तयार होतो. फॉर्मल्डिहाइड असलेली रसायनेही टाळावीत; सेप्टिक टँकमधले उपयोगी जिवाणू त्याने मरतात.

मिशिगनकरांसाठी हिवाळ्याचे दोन शब्द. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते. नळीत राहिलेले लिटरभर पाणी जानेवारीत व्हॉल्व्ह फोडायला पुरेसे आहे. टाक्या आणि मधली नळी पूर्ण रिकामी करून प्रत्येक ट्रॅपमध्ये आणि थोडे टाक्यांमध्ये गुलाबी अँटीफ्रीझ ओतावे. ते प्रॉपिलीन ग्लायकॉलचे असते. मोटारीच्या इंजिनात सहसा घालतात ते एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, ते इथे चालत नाही.

दुरुस्ती झाली त्या संध्याकाळी बाबा बराच वेळ हात धूत होते. मग म्हणाले, "आमच्याकडे नकाशे आम्ही काढायचो आणि चेंबरमध्ये उतरायची ती दुसरीच माणसं. एकदा दोघं उतरले ते वर आलेच नाहीत. गॅस होता. नकाशात माझा ढाळ बरोबर होता." चाळीस वर्षांत हे ते घरी कधी बोलले नव्हते. गटारात माणूस उतरवण्याविरुद्ध भारतात २०१३ साली कायदा झाला, तरी अशा बातम्या अजून येतात. इथे निदान आपली घाण आपल्या हाताने, जमिनीवर उभे राहून, मोजे घालून निस्तरता येते. त्यात कमीपणा कसला?

आईलाही बाबांनी तेच सांगितले असावे. पुढच्या सहलीत रात्री तिचा टॉर्च हुकलाच टांगलेला राहिला. सकाळी चहा देताना ती एवढेच म्हणाली, "पाणी जरा जास्तच वापरलं हं मी." मी म्हटले, "आई, तेच तर हवंय."

तेव्हा ट्रेलर घ्यायचा असेल तर खुशाल घ्या. जुना घेणार असाल तर गादीची फोम बघण्याआधी खाली वाकून, बादली धरून ते छोटे तोंड उघडून बघा. आणि आपले अनुभव मंडळाकडे अवश्य लिहून पाठवा. नावे छापायची की नाही, ते नंतर ठरवू!