सहावीतल्या मुलाकडून कोण वाचून घेणार?

मागच्या लेखांकाच्या शेवटी ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहांवर लिहीन असे म्हटले होते. तो विषय एक आठवडा पुढे ढकलतो, कारण देवगाव रंगारीच्या एका वाचकांनी विचारलेला प्रश्न आधी सोडवल्याशिवाय पुढची मांडणी उभी राहणार नाही. ते विचारतात : शाळा उघडून इतकी वर्षे झाली, पोरं रोज शाळेत जातात, परीक्षा होतात, निकाल लागतात, मग करोनातल्या नुकसानीचे आता कशाला उगाळत बसायचे? प्रश्न रास्त आहे आणि तो गावोगावचे पालक, सरपंच आणि काही शिक्षकही विचारतात. माझ्या मते त्यांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. भरपाई झाली, आणि ती खेड्यातल्या शाळांनी केली, हे खरे. पण ही भरपाई जिथवर पोचली ती रेघ मुळातच फार खाली होती. जी मुले त्या रेघेखाली राहिली, ती आता ज्या वर्गांत बसतात तिथे त्यांच्याकडून वाचून घेणारे कोणी नाही. यंदा बोलायचे आहे ते या मुलांबद्दल.

जून २०२० मध्ये ज्यांचे नाव पहिलीत घातले गेले त्या मुलांचा हिशेब मांडून पाहू. १६ मार्चनंतर शाळा आणि अंगणवाड्या बंद झालेल्या होत्या. नवी पाठ्यपुस्तके घरपोच आली, पोषण आहाराचा तांदूळ आणि कडधान्य कोरड्या शिध्याच्या रूपाने मिळाले, पण वर्ग भरला नाही. २३ नोव्हेंबर २०२० ला नववी ते बारावीचे वर्ग सुरू झाले, २७ जानेवारी २०२१ ला पाचवी ते आठवीचे. पहिलीच्या मुलांची पाळी आलीच नाही. दुसरी लाट आली आणि पहिली ते आठवीची सगळी मुले परीक्षेविना वरच्या वर्गात गेली. ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे दार उघडले ते १ डिसेंबर २०२१ ला. तोवर ही मुले दुसरीच्या मध्यावर आली होती. महिनाभरात तिसरी लाट आली, जानेवारीत पुन्हा कुलूप लागले, आणि जून २०२२ मध्ये तिसरीचे पुस्तक त्यांच्या हातात पडले. अक्षरओळख, काना-मात्रा, जोडाक्षरे आणि हातच्याची वजाबाकी या साऱ्याची दोन वर्षे अशी गेली.

सरकारी मदत आली, पण या मुलांच्या बाबतीत ती नेहमी एक पाऊल मागे राहिली. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने १ जुलै ते १४ ऑगस्ट २०२१ असा ४५ दिवसांचा सेतू अभ्यास आखला. मागच्या इयत्तेचे राहिलेले पुढच्या इयत्तेच्या तोंडाशी घ्यावे, मध्ये तीन चाचण्या घ्याव्यात, ही कल्पना चांगली होती. पण तेव्हा लहान मुलांच्या शाळा बंदच होत्या. सेतू उतरला तो फोनवर, आणि फोन दिवसा बापाबरोबर शेतात. ‘असर’च्या २०२१ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, पण त्यांतल्या २६.१ टक्के मुलांच्या हाती तो पडतच नव्हता. पुढे २०२२ च्या उन्हाळ्यात ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान आले, माता पालक गट उभे राहिले, आया मुलांना रंग, आकार, मोजणी शिकवू लागल्या. ते मनापासून झालेले काम होते. मात्र ते नव्याने पहिलीत येणाऱ्यांसाठी होते, आणि आपली मुले तेव्हा तिसरीत चालली होती. ‘निपुण भारत’ जुलै २०२१ मध्ये जाहीर झाले, त्याचे लक्ष्य तिसरीपर्यंत वाचन आणि गणिताचा पाया पक्का करण्याचे. ते शाळाशाळांत रुजू लागले तोवर ही मुले तिसरी ओलांडून गेली.

पाया कच्चा राहिला आणि वर्ग पुढे गेला तर काय होते, याचा धडा शेजारच्या देशात मिळतो. २००५ च्या भूकंपानंतर पाकिस्तानच्या डोंगरी भागातल्या शाळा सरासरी १४ आठवडे बंद होत्या. अंद्राबी, डॅनियल्स आणि दास या अभ्यासकांनी चार वर्षांनी तिथली मुले तपासली, तेव्हा ती सुमारे दीड इयत्तेने मागे होती. बंद काळात बुडाले त्याहून किती तरी जास्त नुकसान शाळा उघडल्यावर झाले, कारण पुस्तक पुढे गेले आणि मूल जागच्या जागी राहिले. ज्यांच्या आया प्राथमिक शाळा शिकलेल्या होत्या ती मुले या घसरणीतून वाचली. याउलट तामिळनाडूत ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘इल्लम तेडी कल्वी’ या योजनेत गावातलेच सुमारे दोन लाख स्वयंसेवक संध्याकाळी मुलांना घेऊन बसू लागले. शाळा उघडल्यावर सहा महिन्यांत तिथली दोन तृतीयांश तूट भरून निघाली, आणि त्या भरपाईचा साधारण चौथा हिस्सा या योजनेचा होता, असे अभ्यासकांनी मोजून दाखवले. आपल्याही जिल्ह्यात गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेने २०२० मध्येच ‘विषयमित्र’ ही युक्ती काढली होती. ज्या मुलाच्या घरी फोन, त्याने तास ऐकायचा आणि शिकलेले इतर मुलांना सांगायचे. या शाळेचा गवगवा झाला तो मुले जपानी भाषा शिकतात म्हणून, पण मला विषयमित्र अधिक मोलाचा वाटतो. त्याला पैसा लागत नाही आणि तो कुठल्याही गावात चालतो.

आता वाचकांच्या आक्षेपाची निम्मी बाजू. ‘असर’ची परीक्षा साधी असते : मुलाशेजारी बसायचे, समोर एक छोटा उतारा ठेवायचा, जमला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट, नाही जमला तर शब्द, तेही नाही तर अक्षरे. देशभरच्या ग्रामीण सरकारी शाळांत दुसरीची गोष्ट वाचू शकणारी तिसरीतली मुले २०१८ मध्ये २०.९ टक्के होती, २०२२ मध्ये १६.३ टक्के उरली. २०२२ मधली तिसरी म्हणजे आपण ज्यांचा हिशेब मांडला तीच मुले. दोन वर्षांनी, २०२४ मध्ये, तीच तुकडी पाचवीत असताना ४४.८ टक्के मुलांना ती गोष्ट वाचता आली. २०१८ च्या पाचवीचा आकडा होता ४४.२. म्हणजे पाकिस्तानात झाले तसे इथे झाले नाही. तूट वाढली नाही, ती भरली. याचे श्रेय शिक्षकांना मोकळ्या मनाने द्यायला हवे. त्यांनी पुस्तक बाजूला ठेवून अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट अशा पातळीनुसार मुलांचे गट केले आणि रोज त्यांच्याशी बसले, म्हणून हे झाले. पण ४४.८ चा दुसरा अर्थ असा, की शंभरातली ५५ मुले दुसरीची गोष्ट न वाचता पाचवी संपवत होती. करोनाआधीही एवढीच मुले तशी होती. जुन्या रेघेवर परत आलो म्हणून काम संपले असे म्हणणे म्हणजे आजारपणातून उठलेल्या माणसाला आधीपासूनचा अशक्तपणा औषधाविना ठेवण्यासारखे आहे.

आणि इथेच ग्रामीण व्यवस्थेतली फट आहे. जिल्हा परिषदेत प्राथमिकचे शिक्षणाधिकारी वेगळे, माध्यमिकचे वेगळे. देवगाव रंगारीसारख्या मोठ्या गावाच्या परिसरातल्या वाड्या-वस्त्यांवरची मुले चौथी-पाचवी झाली की बहुधा दुसऱ्या शाळेत जातात, कोणी परिषदेच्याच केंद्रशाळेत, कोणी संस्थेच्या हायस्कुलात. बरोबर जातो तो शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर ‘अभ्यासातील प्रगती’ असा रकाना असतो आणि त्यात ‘चांगली’ किंवा ‘समाधानकारक’ असे लिहिलेले असते. मूल अक्षरावर आहे, शब्दावर आहे की उताऱ्यावर, हे तिथे कुठेच येत नाही. जुन्या शाळेतल्या बाईंना ते तोंडपाठ असते, नव्या शाळेतल्या सरांना कळायला दिवाळी उजाडते. सहावीत विषयवार शिक्षक येतात. इतिहासाचे सर इतिहास शिकवतात, विज्ञानाच्या बाई विज्ञान. वाचता न येणारे मूल प्रत्येक तासाला मागच्या बाकावर गप्प बसते, फळ्यावरचे सुबक अक्षरात उतरवून घेते आणि वही पूर्ण दिसते म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

यावर शिक्षकांचे दोन आक्षेप ठरलेले आहेत. पहिला : अभ्यासक्रम संपवायचा की बाराखडी घ्यायची? त्यातच सर्वेक्षणे आणि निवडणुकीची कामे. ही तक्रार खरी आहे आणि शिक्षकांकडची कामे कमी झालीच पाहिजेत. पण ज्याला वाचता येत नाही त्याच्यापुरता अभ्यासक्रम संपतच नाही, तो फक्त शिकवून होतो. रोजचा एक तास सहावी ते आठवीची सगळी मुले इयत्ता विसरून पातळीने बसवली, तर बाकीच्या तासांतले शिकवणे त्या मुलांपर्यंत पोचेल. दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे : बारा वर्षांच्या मुलाला चिऊ-काऊची गोष्ट वाचायला दिली तर त्याला लाज वाटते. बरोबर आहे, म्हणून ती द्यायचीच नाही. खताच्या गोणीवरच्या सूचना, बसचे वेळापत्रक, बाजारभावाची बातमी, औषधाच्या बाटलीवरचा मजकूर हे सोपे नसते, पण मोठ्या माणसांचे असते. ते वाचता आले की घरात पत वाढते. गट महिन्याला बदलावेत म्हणजे कोणावर ‘कच्चा’ असा शिक्का बसणार नाही.

कोणी म्हणेल, हे वरून आदेश आल्याशिवाय होणार नाही. मार्च २०२२ मध्ये आपल्या जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि भरपाईची ऐन वर्षे प्रशासकाच्या कारभारात गेली. लोकनियुक्त शिक्षण समिती नव्हती, त्यामुळे विचारणारे कमी झाले, हे मान्य. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. त्या समितीने पुढच्या बैठकीत एकच विषय घ्यावा : आपल्या शाळेतून जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या दाखल्याला वाचनाची आणि गणिताची पातळी सांगणारी एक चिठ्ठी जोडायची, आणि नव्या शाळेने जूनमध्येच प्रत्येक मुलाकडून एक उतारा वाचून घ्यायचा. याला वेगळा निधी लागत नाही. २०२० ची ही तुकडी मार्च २०३० मध्ये दहावीला बसेल. तोवर हाती असलेली प्रत्येक शाळेची वर्षे मोजून वापरावी लागतील. वाचकांना माझे उत्तर हे, की करोनाचे उगाळणे खुशाल थांबवू, वाचून घेणे थांबवू नये. पुढच्या आठवड्यात ठरल्याप्रमाणे हंगामी वसतिगृहे. दाखला न घेताच दिवाळीनंतर कारखान्यावर जाणाऱ्या मुलांचे काय, हा प्रश्न तिथे याहून बिकट होऊन समोर येतो.