कंपवाताच्या लवकर निदानासाठी समाजस्तरीय चाळणी-प्रश्नावली : निर्मितीचे टप्पे व अडचणी

प्रस्तावना :

१८१७ साली लंडनमधील डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी सहा रुग्णांच्या आधारे कंपवातावरील आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांपैकी काहींना त्यांनी केवळ रस्त्यात पाहिले होते. या विकाराच्या खुणा जाणत्या नजरेला दुरूनही दिसतात, हे त्यावरून लक्षात येते. असे असूनही अनेक रुग्ण वर्षानुवर्षे निदानाविना राहतात. मंदावलेली चाल, बारीक झालेला आवाज, ताठरलेले खांदे या गोष्टी ‘वय झाले’ या दोन शब्दांत निकाली निघतात. प्रत्येक रुग्णास कंप असतोच असे नाही. त्यामुळे कंप नसलेला रुग्ण तर हमखास दुर्लक्षित राहतो.

मध्यमेंदूतील डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या चेतापेशींचा हळूहळू ऱ्हास होणे, हे या विकाराचे मूळ होय. हालचालींतील लक्षणे स्पष्ट होईपर्यंत यांतील बऱ्याच पेशी नष्ट झालेल्या असतात. निदान मुख्यतः मज्जाविकारतज्ज्ञाच्या प्रत्यक्ष तपासणीवरच अवलंबून असते. सर्व वृद्धांची अशी तपासणी शक्य नसल्याने, कोणाला तज्ज्ञाकडे पाठवावे हे ठरविणारी साधी प्रश्नावली आवश्यक ठरते.

पूर्वीचे प्रयत्न :

मुंबईतील वसाहतींत राहणाऱ्या १४,०१० पारशी व्यक्तींचे घरोघर जाऊन केलेले सर्वेक्षण १९८८ साली प्रसिद्ध झाले. त्यात प्रथम प्रश्नावली व नंतर संशयितांची मज्जाविकारतज्ज्ञांकडून तपासणी अशी द्विस्तरीय पद्धत अवलंबिली होती. या सर्वेक्षणात कंपवाताचे प्रमाण दर लाख लोकसंख्येस सुमारे ३२८ इतके आढळले. अमेरिकेत टॅनर व सहकाऱ्यांनी १९९० साली नऊ प्रश्नांची संक्षिप्त प्रश्नावली मांडली. खुर्चीतून उठण्यास त्रास, अक्षर लहान होणे, आवाज क्षीण होणे, तोल जाणे, दारात पाय खिळणे, चेहरा भावहीन होणे, हातपाय थरथरणे, गुंड्या लावताना अडचण आणि पाय घासत चालणे हे तिचे विषय होत.

आशयाची निश्चिती :

अशी प्रश्नावली मराठीत शब्दशः उतरविणे पुरेसे नाही. ‘अक्षर लहान झाले आहे का?’ हा प्रश्न आयुष्यात लेखणी न धरलेल्या वृद्धेला विचारला, तर उत्तर ‘नाही’ असे येते आणि ती चाळणीतून निसटते. गुंड्यांचा प्रश्न नऊवारी नेसणाऱ्या स्त्रीला वा धोतर नेसणाऱ्या पुरुषाला फारसा लागू पडत नाही. त्याऐवजी निऱ्या घालणे, भाकरी थापणे, तांदूळ निवडणे, सुईत दोरा ओवणे, घास कालवणे अशा हालचालींतील मंदपणा विचारावा लागतो. जमिनीवरून उठण्याचा प्रश्न मात्र जपून घालावा. कारण उतारवयात गुडघेदुखी सार्वत्रिक असते व होकारार्थी उत्तरांचा पूर येतो.

रुग्ण व त्यांची शुश्रूषा करणारे नातेवाईक यांच्या मुलाखतींतून लोकांचे शब्द गोळा करणे, तज्ज्ञांकडून आशय-सप्रमाणता तपासणे, भाषांतरित प्रश्नांचे पुनर्भाषांतर करून अर्थ पडताळणे आणि काही वृद्धांना प्रत्येक प्रश्नाचा त्यांना समजलेला अर्थ विचारणे, हे या टप्प्याचे क्रम होत. चेहऱ्यातील वा आवाजातील बदल रुग्णापेक्षा घरच्यांना आधी जाणवतो. म्हणून काही प्रश्न नातेवाइकांनाच विचारणे श्रेयस्कर.

विश्वसनीयता व सप्रमाणता :

तीच प्रश्नावली काही दिवसांनी पुन्हा भरून घेतली किंवा दुसऱ्या कार्यकर्त्याने भरली, तरी उत्तरे जुळली पाहिजेत. ही विश्वसनीयता होय. सप्रमाणतेसाठी प्रश्नावलीचा निष्कर्ष तज्ज्ञाच्या निदानाशी ताडून पाहावा लागतो. येथे केवळ संशयितांनाच तपासण्याची चूक होण्याचा संभव असतो. प्रश्नावलीने निरोगी ठरविलेल्यांपैकी काहींचीही यादृच्छिक निवड करून तपासणी केल्याशिवाय किती रुग्ण निसटले हे कळत नाही. तसेच रुग्णालयातील जुन्या रुग्णांवर पडताळलेली प्रश्नावली सौम्य लक्षणांच्या नव्या रुग्णांबाबत तितकीच समर्थ असेल असे गृहीत धरता येत नाही.

निकषबिंदूचा प्रश्न :

किती होकारार्थी उत्तरांवर व्यक्तीला संशयित मानावे, हा कळीचा प्रश्न आहे. उदाहरणादाखल १०,००० वृद्धांत १ टक्का, म्हणजे १०० रुग्ण आहेत असे मानू. संवेदनशीलता व विशिष्टता दोन्ही ९० टक्के असल्यास ९० रुग्ण सापडतील; पण ९,९०० निरोगी व्यक्तींपैकी ९९० जणही संशयित ठरतील. म्हणजे तज्ज्ञाकडे पाठविलेल्या १,०८० जणांत प्रत्यक्ष रुग्ण बारांत एकच. निकष कडक करून विशिष्टता ९७ टक्क्यांवर नेली व संवेदनशीलता ८० टक्क्यांवर उतरली, तर पाठविलेल्या ३७७ जणांत ८० रुग्ण असतील. मात्र २० रुग्ण घरीच राहतील. तालुक्यातून शहरापर्यंतचा प्रवास, बुडालेली मजुरी आणि घरात शिरलेली भीती ही चुकीच्या संशयाची किंमत असते. तर निसटलेल्या रुग्णाची किंमत पडझड व परावलंबन यांत मोजावी लागते. म्हणून निकषबिंदू केवळ संख्याशास्त्राने ठरत नाही. तज्ज्ञांची उपलब्धताही विचारात घ्यावी लागते.

नैतिक मर्यादा :

घ्राणशक्ती कमी होणे, बद्धकोष्ठता, झोपेत हातपाय झाडणे ही लक्षणे कंपापूर्वी काही वर्षे दिसू शकतात. तथापि त्यांतील काही उतारवयात इतर कारणांनीही सर्रास आढळतात. शिवाय विकाराची वाटचाल थांबविणारे सिद्ध औषध आज उपलब्ध नाही. विल्सन व युंगनर यांनी १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी मांडलेल्या तत्त्वांनुसार ज्या विकारावर मान्य उपचार आहे त्याचीच चाळणी करावी. लेव्होडोपा, व्यायाम व वाचोपचार यांमुळे लक्षणे सुसह्य होतात. म्हणून प्रश्नावलीचे उद्दिष्ट भावी विकाराचे भाकीत हे नसून, आज लक्षणे असूनही उपचारांविना राहिलेल्यांचा शोध हे असावे.

समारोप :

चाळणी-प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे. ती तज्ज्ञाच्या दारापर्यंत नेणारी पायवाट आहे. कंपाची इतर कारणे, काही औषधांमुळे उद्भवणारी तत्सम लक्षणे यांचा निवाडा तज्ज्ञानेच करावयाचा असतो. वैद्यक, भाषा, समाजशास्त्र व संख्याशास्त्र या शाखांच्या अध्यापकांनी एकत्र येऊन करावे असे हे काम आहे. प्रश्न वृद्धांच्या रोजच्या भाषेत विचारला गेला, तरच त्याचे उत्तर खरे मिळेल.