हक्कमुक्त मराठी ग्रंथ : मोफत ई-पुस्तकांचा शोध आणि नैतिक पर्याय

बीजसंज्ञा : स्वामित्वहक्क, हक्कमुक्त साहित्य, ई-पुस्तक, सार्वजनिक ग्रंथालय, वाचनसंस्कृती

प्रस्तावना :
ग्रंथ हे ज्ञानप्रसाराचे प्रमुख साधन आहे. आंतरजालामुळे ते वाचकाच्या हाती सहज पोहोचू लागले असले, तरी ‘मोफत मिळते’ आणि ‘मोफत घेण्याचा अधिकार आहे’ या दोन गोष्टींमधील भेद पुष्कळदा लक्षात घेतला जात नाही. परिणामी हयात लेखकांच्या पुस्तकांच्या पीडीएफ प्रती सर्रास फिरतात, तर कायद्याने सर्वांचे झालेले अभिजात साहित्य विद्यार्थी विकत घेत राहतात. प्रस्तुत लेखात हा भेद स्पष्ट करून वाचकापुढील पर्यायांचा विचार केला आहे.

कायद्याची चौकट :
भारतीय स्वामित्वहक्क कायदा, १९५७ नुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यकृतीवरील हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. १९४१ मध्ये निधन पावलेल्या रवींद्रनाथ टागोरांच्या साहित्यावरील हक्क संपत असताना, १९९२ च्या दुरुस्तीने ती वाढविण्यात आली. गणना मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून होते. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले; त्यामुळे ‘श्यामची आई’ १ जानेवारी २०११ पासून हक्कमुक्त आहे. हरि नारायण आपटे, राम गणेश गडकरी, लोकमान्य टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांचे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखनही याच वर्गात मोडते.

मरणोत्तर प्रकाशित साहित्याची मुदत मात्र प्रकाशनवर्षापासून मोजली जाते. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये निवर्तल्या आणि त्यांच्या कवितांचा संग्रह १९५२ मध्ये निघाला. त्या कविता २०१३ च्या आरंभी मुक्त झाल्या; परंतु संग्रहाला आचार्य अत्रे यांनी लिहिलेली प्रस्तावना अत्रे यांचे निधन १९६९ चे असल्याने २०२९ अखेरपर्यंत संरक्षित आहे. म्हणजेच एकाच पुस्तकात मुक्त आणि संरक्षित असे दोन्ही भाग असू शकतात. अनुवादाचेही तसेच आहे. टॉल्स्टॉयची मूळ कादंबरी मुक्त असली, तरी तिच्या मराठी अनुवादावर अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असतो.

कायदा देशानुसार बदलतो. जॉर्ज ऑर्वेल यांची १९४९ ची ‘१९८४’ ही कादंबरी भारतात २०११ पासून मुक्त आहे. अमेरिकेत मात्र ती २०४४ अखेरपर्यंत संरक्षित राहील.

मोफत ग्रंथांची स्थाने :
१९७१ मध्ये मायकेल हार्ट यांनी सुरू केलेला प्रोजेक्ट गुटेनबर्ग हा या क्षेत्रातील आद्य उपक्रम होय. तथापि त्यात मराठीचा वाटा अत्यल्प आहे. इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या मराठी ग्रंथांच्या छायाप्रती विपुल आढळतात. छायाप्रतीत शब्द शोधता येत नाही. ही उणीव मराठी विकिस्रोतावरील स्वयंसेवक मजकूर युनिकोडमध्ये आणून व मुद्रितशोधन करून भरून काढतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशने तसेच मराठी विश्वकोश आंतरजालावर विनामूल्य वाचता येतात. एखादी प्रत संकेतस्थळावर आहे एवढ्यावरून ती मुक्त ठरत नाही. लेखकाचे मृत्युवर्ष, प्रथम प्रकाशनाचे वर्ष आणि अनुवादक-संपादकांची नावे वाचकाने स्वतः पडताळावीत.

नैतिक पर्याय :
संरक्षित पुस्तकांसाठी मोठे ऑनलाइन विक्रेते हा एकमेव मार्ग नाही. त्यांच्याकडील ई-पुस्तकात वाचकाला बहुधा मालकी नव्हे, तर वापराचा परवाना मिळतो. २००९ मध्ये अशाच एका विक्रेत्याने ऑर्वेल यांची विकली गेलेली ई-पुस्तके ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर काढून टाकली होती. कागदी पुस्तक दुसऱ्याला देता येते, वारशाने जाते. परवान्याचे तसे नसते.

याउलट, १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने अनुदानाचा आधार दिलेली गावोगावची ग्रंथालये अल्प वर्गणीत पुस्तके देतात. प्रकाशकाकडून थेट खरेदी केल्यास मध्यस्थाचा वाटा वाचतो. स्थानिक विक्रेता वाचकाची आवड ओळखतो, तर जुन्या पुस्तकांचे दुकान दुर्मीळ आवृत्त्या जपते. मराठीत अनेक पुस्तकांची आवृत्ती हजार प्रतींच्या आसपास असते. तेथे अनधिकृत पीडीएफमुळे हुकलेली शंभर प्रतींची विक्रीदेखील पुढील आवृत्ती अडवू शकते.

निष्कर्ष :
१. हक्कमुक्त साहित्य ही समाजाची सामाईक संपत्ती असून तिचा मुक्त वापर हा वाचकाचा अधिकार आहे.
२. संरक्षित साहित्याचे मूल्य चुकते करणे हे वाचकाचे कर्तव्य आहे. ते परवडत नसल्यास ग्रंथालय हा सन्माननीय मार्ग आहे.
३. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी अभ्यासक्रमातील हक्कमुक्त ग्रंथांची पडताळलेली सूची तयार केल्यास विद्यार्थ्यांचा खर्च वाचेल, आणि वाचलेला पैसा आजच्या लेखकाच्या पुस्तकाकडे वळू शकेल.