नाव पद्मिनी, ओळख फियाट
(कोपरगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

आजचा विषय आहे, युरोपातल्या जुन्या गाड्यांची घडण आणि कंपन्यांची ओळख. विषय वाचून काही जणांना वाटलं असेल, की कोपरगावात बसून इटली-जर्मनीच्या गाड्यांशी आपला काय संबंध? म्हणून आम्ही सुरुवात साखरेपासून करतो. साखर म्हटलं की आपल्या तालुक्यात कुणाला परकं वाटत नाही.

इथून येवला, मनमाड करत मालेगाव तालुक्यात गेलं की रावळगाव लागतं. रावळगावच्या गोळ्या आपण सगळ्यांनी लहानपणी खाल्ल्यात. तो साखर कारखाना उभारला वालचंद हिराचंद यांनी. मूळचे सोलापूरचे. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगरही त्यांचंच. त्याच वालचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि मुंबईत कुर्ल्याला कारखाना घातला. सुरुवातीला तिथे क्रायस्लरच्या अमेरिकन गाड्या जोडल्या जात. मग पन्नासच्या दशकात इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला, आणि युरोपातल्या मध्यमवर्गासाठी बेतलेली एक छोटी गाडी महाराष्ट्रात तयार होऊ लागली. म्हणजे युरोपची घडण आपल्याकडे आली ती अशी, साखर कारखाना उभारणाऱ्या माणसाच्या हातून.

आधी गरज, मग ओळख

जुन्या गाड्यांचा नाद असलेली चार माणसं एकत्र बसली, की पहिला वाद गाडीच्या तोंडावरून होतो. लांबून गाडी कुठल्या कंपनीची हे तोंडावरून कळलं पाहिजे, असं एका गटाचं म्हणणं. त्यांचं चूक नाही. पण हे तोंड आलं कुठून, ते आधी बघू.

सुरुवातीच्या मोटारींना पुढे उघडा रेडिएटर असे. इंजिन तापतं, पाणी गार करायचं तर वारा लागला पाहिजे, म्हणून तो सगळ्यात पुढे. आता सगळ्यांचाच रेडिएटर पुढे, मग वेगळेपण दाखवायचं कसं? तर त्याच्या आकारानं. रोल्स-रॉइसनं ग्रीक देवळाच्या दर्शनी भागासारखा आकार घेतला. बीएमडब्ल्यूनं 1933 साली 303 या मॉडेलला मूत्रपिंडासारखी दोन जाळ्यांची जोडी दिली. पुढे रेडिएटर आत, जाळीमागे गेला. त्याला आता त्या आकाराची गरज राहिली नव्हती. तरी आकार राहिला, कारण तोवर गिऱ्हाईक त्या आकाराला ओळखू लागलं होतं.

याची उलट बाजूही बघा. फोक्सवॅगनच्या बीटलचं इंजिन मागे, आणि तेही वाऱ्यावर गार होणारं. रेडिएटरच नाही, तर पुढे जाळी कशाला? मग बीटलची ओळख कशात? तिच्या पाठीच्या गोलाईत. अंधारात नुसती सावली दिसली तरी पोरगंही सांगेल, ही बीटल. फ्रान्सची सित्रोएन टूसीव्ही 1948 साली पॅरिसच्या प्रदर्शनात आली. शेतकऱ्यानं अंड्यांची टोपली ठेवून नांगरलेल्या रानातून गाडी नेली तरी अंडी फुटता कामा नयेत, ही त्या गाडीची अट होती. आपल्या काळ्या रानात नांगरटीनंतर जी ढेकळं निघतात ती डोळ्यांसमोर आणा, म्हणजे अट किती अवघड होती ते कळेल. त्यातून लांब हलणाऱ्या स्प्रिंगा आल्या, हलका पत्रा आला, आणि छत्रीसारखी दिसणारी ती गाडी झाली. कुणी तिला कुरूप म्हणालं, तरी दुसरी कुठली गाडी समजून कुणी फसलं नाही.

तर आमचं म्हणणं असं, की चांगल्या जुन्या गाडीची ओळख आधी गरजेतून येते. सवय तिला पक्की करते. कंपनीचा बिल्ला त्यानंतर.

डुक्कर फियाट ते पद्मिनी

आता हे आपल्या फियाटला लावून बघू.

फियाट 1100-103 ही गाडी 1953 साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. वर्षभरात ती कुर्ल्यातही बनू लागली. पुढून गोल नाक, मागून गोल पाठ, अंगानं ठेंगणी. कंपनीनं तिला मिलेचेंतो म्हटलं. इटालियनमध्ये त्याचा अर्थ अकराशे. आपल्या लोकांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि नाव ठेवलं, डुक्कर फियाट! त्यात हेटाळणी कमी आणि लाड जास्त. त्या गाडीचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे, म्हणजे बिजागऱ्या मागच्या बाजूला. बसायला उतरायला फार सोयीचं. पण चालत्या गाडीत कडी निसटली तर वाऱ्यानं दार पूर्ण उघडणार, म्हणून ती पद्धत पुढे गेली.

1964 पासून इथे फियाट 1100 डिलाइट आली. चौकोनीपणाकडे झुकलेली, मागे मडगार्डला छोट्या शेपट्या, इंजिन 1089 सीसीचं, गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ. त्या शेपट्या अमेरिकन गाड्यांच्या फॅशनच्या. म्हणजे ज्याला आपण अस्सल इटालियन म्हणतो, त्यातही उसनवारी आहेच.

इटलीत ही 1100डी बनली 1962 ते 1966, फक्त चार वर्षं. आपल्याकडे तोच सांगाडा 2000 सालाच्या आसपासपर्यंत बनत राहिला. पस्तीसेक वर्षं! मधे फियाटशी करार संपला, तसं नाव बदलावं लागलं. आधी प्रीमियर प्रेसिडेंट, मग 1974 पासून प्रीमियर पद्मिनी. बिल्ला गेला, जाळी बदलली, दिवे बदलले. पुढे बकेट सीट आल्या, गिअर खाली आला, डिझेल इंजिनही बसलं. पण घरात बोलताना काय म्हणायचे? 'फियाट काढ रे, स्टेशनवर जायचंय.' ज्या गाडीवर फियाट हे अक्षर कुठेच नाही, तिलाही फियाट!

असं का झालं, याचं सरळ कारण आम्हाला दिसतं ते साच्यांत. गाडीचा पत्रा ज्या लोखंडी साच्यांत दाबतात, ते साचे फार महाग. जाळी, दिवे, बिल्ला या स्वस्तातल्या गोष्टी. त्यामुळे जगभर कंपन्या दर काही वर्षांनी तोंड बदलतात आणि अंग तेच ठेवतात. आपल्याकडे परवान्यांचं राज्य, गाडी नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघायची. गिऱ्हाईक दाराशी उभंच आहे म्हटल्यावर नवे साचे करायची कंपनीला घाई नव्हती. तेव्हा फियाटच्या टिकाऊ घडणीचं कौतुक करताना हेही बोललं पाहिजे, की ती टिकली त्यात आपल्या नाइलाजाचा वाटा मोठा होता. अँबेसेडरचंही तेच. मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, ती उत्तरपाड्याला 2014 पर्यंत बनली.

आता ट्रकचं उदाहरण घ्या. गळीत हंगामात उसाच्या गाड्या ओढून आयुष्य गेलेल्या जुन्या ड्रायव्हरांना टाटा-मर्सिडीज आठवत असेल. टेल्को आणि डेम्लर-बेंझ यांचा करार 1954 चा. ट्रकच्या तोंडावर तीन टोकांचा तारा असायचा. 1969 साली करार संपला, तारा गेला, तिथे टाटांचा 'टी' आला. इथे मात्र लोकांनी नवं नाव लगेच घेतलं, कारण टाटा हे नाव आधीपासून घरातलं होतं. पद्मिनी हे नाव छान होतं, पण गाडीच्या बाबतीत लोकांच्या तोंडी तोवर दुसरं नाव बसलेलं होतं. नाव कंपनी देते, पण चालवायचं की नाही ते लोक ठरवतात.

अस्सल कशाला म्हणायचं?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. हौशी लोकांत यावरून चांगली भांडणं होतात.

एक गट म्हणतो, गाडी कारखान्यातून निघाली तशीच हवी. स्क्रूसुद्धा त्या काळचा. त्यातले काही तर पद्मिनीला मोजतच नाहीत, त्यांच्या मते इटलीची तीच खरी. दुसरा गट म्हणतो, चालते ती गाडी, शोभेची वस्तू कपाटात ठेवा. ते डायनामो काढून अल्टरनेटर बसवतात, पुढे डिस्क ब्रेक घालतात.

आमची स्वतःची एक चूक सांगतो. एका डिलाइटचं काम आमच्याकडे होतं. मूळ जाळी पिचलेली, दोन पट्ट्या तुटलेल्या. बाजारात पुढच्या मॉडेलची चकचकीत जाळी सहज मिळाली. बसवायला थोडा पत्रा कापावा लागला, तो कापला. गाडी न्यायला मालकांचे वडील आले, ऐंशीच्या पुढचे. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "काम झकास झालंय, पण ही आमची नव्हे." जुनी जाळी आम्ही तोवर भंगारात दिली होती. पत्रा कापलेला, त्यामुळे परत जागेवर आणायची वाटही बंद.

त्या दिवसापासून आम्ही एक नियम केला. जे परत पूर्वीसारखं करता येतं, ते खुशाल बदला. अल्टरनेटर बसवा, पण डायनामो पिशवीत बांधून, तेल लावून ठेवा. सीटबेल्ट नक्की बसवा. पण पत्रा कापू नका, दारांची ठेवण, छताची रेघ, मागची पाठ यांना हात लावू नका. कारण गाडीची ओळख तिथे आहे. बिल्ला नंतरही मिळतो.

हा नुसता हौसेचा प्रश्न राहिलेला नाही. 2021 साली केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली गाडी 'व्हीए' अक्षरांच्या खास मालिकेत नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, नूतनीकरणाची 5,000. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी, सांगाड्यात, बॉडीत, इंजिनात मोठा फेरफार नको. म्हणजे अस्सल कशाला म्हणायचं हा आमचा कट्ट्यावरचा वाद आता सरकारी कागदावर आलाय. आणि एक लक्षात ठेवा, या नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. तुम्हाला शिर्डीला दर गुरुवारी फियाटनंच जायचं असेल, तर 15 वर्षांनंतर दर पाच वर्षांनी होणारी नेहमीची फेरनोंदणीच करत राहा. दोन्ही वाटांचा हिशेब करून मग गाडी मिस्त्रीच्या हातात द्या.

मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीचं काय झालं ते आपण वाचलंच. शेवटची टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदवली गेली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून ती रस्त्यावरून गेली. हजारोंनी असलेली गाडी दिसेनाशी व्हायला वेळ लागत नाही. आता ती उरली असेल तर खासगी मालकांकडे, आणि आपल्यासारख्या गावांतल्या शेडमध्ये.

शेवटी एक विनंती. तुमच्या वाड्यात, मळ्यात, गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली अशी एखादी गाडी असेल, तर भंगारवाल्याला बोलवायच्या आधी तीन कामं करा. आरसी बुक शोधा आणि त्यावर फियाट लिहिलंय की प्रीमियर, साल कुठलं, ते बघा. गाडीखाली वाकून तळाचा पत्रा टोचून बघा, कारण या गाडीला वेगळी चॅसिस नाही, तळ आणि बॉडी एकच. तळ गेला तर खर्च मोठा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, ते या गाडीला काय म्हणायचे. ते नाव आरसी बुकात सापडणार नाही, म्हणून कुठंतरी लिहून ठेवा.

बाहेर एक डिलाइट उभी आहे, हीच ती जाळीवाली. बॉनेट उघडून ठेवलंय. प्रश्न तिथेच विचारा.